देवळाचा झेंडू, दर्ग्याचा गुलाब, ढीग एकच

गुरुवारी दत्ताचे हार आणि दर्ग्यावरच्या फुलांच्या चादरी एकदमच येतात, म्हणून वस्तीतल्या पोरापोरींचा खताचा मोठा ढीग शुक्रवारी सकाळी लागतो. आजही लागला.

खरं काम रचण्याचं नाही, निवडण्याचं. हारांतून दोरा, जर, थर्माकोलचे मणी काढायचे. चादरीतून नायलॉनची जाळी. चर्चच्या सजावटीतून तार आणि तो हिरवा स्पंज. हा स्पंज सगळ्यात वाईट. बोटांत चुरगळतो, पण कुजत नाही, म्हणजे मातीत प्लास्टिकच गेलं.

मग तळाला चार इंच वाळका पाला, त्यावर एक बादली चुरलेली फुलं, दोन बादल्या पाला, थोडा शेणकाला. असे थर तीन फुटांपर्यंत. बुटका ढीग तापत नाही. नुसता झेंडू घातला की तो दबून बसतो, हवा कोंडते, वास सुटतो आणि मिथेन तयार होतो. २० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट पृथ्वी तापवतो. मग कचरा डेपोत टाकलं काय नि इथे सडवलं काय! म्हणून दर चार दिवसांनी ढीग उलथायचा. मूठभर पिळल्यावर एक-दोन थेंबच पडावेत. शिंपायला मशिदीतलं वजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुतल्याचं पाणी. त्यात साबण नसतो.

पोरांची एक अट मला फार शहाणी वाटते: घरचं खरकटं यात नाही. ते मिसळलं तर देवळाचे विश्वस्त आणि दर्ग्याची सेवा करणारे मुजावर दोघंही फुलं द्यायचे थांबतील. दीड-दोन महिन्यांनी खत चाळायचं. पहिली पोती देवळाच्या आवारातल्या आणि कब्रस्तानातल्या नव्या रोपांना.