लोकसभेतील एक दिवस: पुण्याहून जाणाऱ्यांसाठी

लोकसभेचे कामकाज प्रत्यक्ष पाहण्यासाठी पुण्याहून दिल्लीला जाऊ इच्छिणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे की प्रेक्षक गॅलरीचा पास दिवसभराचा नसतो, तो साधारणपणे एका तासाचा असतो. सभागृह सकाळी ११ वाजता बसते आणि गदारोळ झाला नाही तर संध्याकाळी ६ पर्यंत चालते. त्यातला कोणता तास आपल्याला हवा आहे हे जो आधी ठरवत नाही, त्याच्या वाट्याला येईल तो तास येतो आणि तो बहुधा तहकुबीत जातो. आमच्या वाचनगटातील मंडळी गेल्या हिवाळी अधिवेशनात जाऊन आली, तेव्हा आम्ही मुद्दाम दोन तुकड्या केल्या होत्या. एक तुकडी सकाळी प्रश्नोत्तराच्या तासाला बसली आणि दुसरी दुपारी विधेयकावरील चर्चेला. हा निर्णय आमच्यातील एका निवृत्त प्राध्यापकांचा, आणि सबंध सहलीतला तोच सर्वांत शहाणपणाचा ठरला.

पास खासदारांच्या शिफारशीवर मिळतो. त्यामुळे आपले खासदार कोण, हे आधी नीट पाहावे. हे वाक्य वाचून हसू येईल, पण पुणे जिल्ह्यात लोकसभेचे चार मतदारसंघ आहेत आणि शहरात राहणारा प्रत्येक जण पुणे मतदारसंघात मोडत नाही. खडकवासला विधानसभा क्षेत्रात राहणारे बारामतीत मतदान करतात, हडपसरकर शिरूरमध्ये आणि चिंचवडकर मावळमध्ये. आमच्या गटात सिंहगड रस्त्यावर राहणारे एक गृहस्थ बरीच वर्षे मतदान करूनही अर्जात ‘मतदारसंघ: पुणे’ असे लिहून बसले होते. एका खासदार कार्यालयाकडून आमच्या पत्राला उत्तरच आले नाही; दुसऱ्या कार्यालयाने मात्र प्रत्येकाचे पूर्ण नाव, पत्ता आणि ओळखपत्राची प्रत मागवून घेतली आणि काम झाले. नाव ओळखपत्रावर जसे आहे, अक्षरशः तसेच अर्जात असावे. आपल्याकडे वडिलांचे वा पतीचे नाव मध्ये घालण्याची पद्धत आहे, काहींच्या आधारवर ते असते आणि काहींच्या नसते, आणि प्रवेशद्वारावरचा जवान याबाबतीत कोणताही खुलासा ऐकून घेत नाही.

ही कडक शिस्त समजण्यासारखी आहे. १३ डिसेंबर २०२३ रोजी दोन तरुणांनी याच प्रेक्षक गॅलरीतून सभागृहात उड्या मारल्या आणि पिवळा धूर सोडला. तेही रीतसर पास घेऊनच आत आले होते. २००१ च्या संसदेवरील हल्ल्याचा तो स्मृतिदिन होता. त्यानंतर पास देणे काही काळ बंदच होते, आणि २०२४ पासून संकुलाची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. शिफारशीवर सही करणारा खासदार पाहुण्याची एक प्रकारे हमी घेत असतो, त्यामुळे ओळख नसलेल्या माणसासाठी कार्यालये आढेवेढे घेतात याचा राग मानू नये. अधिवेशनाची तारीख जाहीर होताच पत्र द्यावे, एकाऐवजी दोन-तीन सोयीचे दिवस सुचवावेत आणि कोणता तास हवा तेही स्पष्ट लिहावे. दहा वर्षांखालील मुलांना गॅलरीत घेत नाहीत, म्हणून नातवंडांना बरोबर नेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा.

वर्षातून सामान्यतः तीन अधिवेशने होतात: अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू नये एवढेच राज्यघटनेचे बंधन आहे. तारखा सरकार ठरवते आणि अधिवेशन ठरल्यापेक्षा आधीही गुंडाळले जाते. म्हणून शेवटच्या आठवड्यातले आरक्षण करू नये. डिसेंबरच्या उत्तरार्धात धुक्यामुळे गाड्या आणि विमाने दोन्ही खोळंबतात. डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा अर्थसंकल्पी अधिवेशनाचा मार्चमधला भाग पुणेकरांना हवामानाच्या दृष्टीनेही मानवतो.

झेलम एक्स्प्रेसने गेल्यास एक रात्र आणि दुसरा जवळजवळ संपूर्ण दिवस गाडीत जातो, पण ती थेट नवी दिल्ली स्थानकात उतरवते. गोवा एक्स्प्रेस आणि दुरांतो हजरत निजामुद्दीनला जातात. तेथून रिक्षावाल्यांशी हुज्जत घालण्याऐवजी सराय काले खाँ स्थानकातून मेट्रोची गुलाबी मार्गिका पकडावी, लाजपत नगरला गाडी बदलून जांभळ्या मार्गिकेने केंद्रीय सचिवालयाला उतरावे. संसदेसाठी तेच स्थानक सोयीचे पडते. विमानाने लोहगावहून दोन तासांच्या आसपास लागतात, परंतु त्याच सकाळी उतरून ११ वाजता गॅलरीत बसण्याचे धाडस करू नये. आदल्या दिवशी पोहोचून मुक्कामाची जागा मध्य दिल्लीत घ्यावी.

मोबाइल, पिशवी, छत्री, पाण्याची बाटली, पेन, वही यांपैकी काहीही गॅलरीत नेता येत नाही. या वस्तू मुक्कामीच ठेवाव्यात. ओळखपत्र, पास, चष्मा आणि थोडे पैसे एवढेच खिशात असावे. तपासणी एकाहून अधिक ठिकाणी होते आणि आमचे बूटही काढून पाहिले गेले, तेव्हा सहज काढता-घालता येतील अशी पादत्राणे बरी. पासवर कोणत्या दाराने यायचे ते दिलेले असते. वेळेच्या किमान पाऊण तास आधी तेथे असावे. आत जाताना प्रेरणा स्थळ दिसले तर डोळे भरून पाहून घ्यावे. महात्मा गांधी, डॉ. आंबेडकर, छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा फुले यांचे पुतळे २०२४ पासून तेथे एकत्र आहेत. मात्र रेंगाळू दिले जात नाही.

नवी इमारत त्रिकोणी आहे. तिचे उद्घाटन २८ मे २०२३ रोजी झाले आणि त्याच वर्षी गणेश चतुर्थीला, १९ सप्टेंबरला, तेथे पहिली बैठक भरली. शेजारी १९२७ ची गोलाकार इमारत आता संविधान सदन म्हणून उभी आहे. लोकसभेच्या सभागृहाची सजावट मोराच्या कल्पनेवर आधारलेली आहे, आणि विदर्भातल्या मंडळींना आवर्जून सांगावे असे म्हणजे इमारतीसाठीचे सागवान नागपूरहून आले आहे. गॅलरीत बसल्यावर पहिली भावना मात्र निराशेची होते, कारण सभागृह अर्धे रिकामे दिसते. येथे एक हिशेब लक्षात ठेवावा. आसनव्यवस्था ८८८ जणांची आहे आणि सदस्य ५४३. प्रत्येक खासदार हजर असला तरी साडेतीनशेच्या जवळपास जागा रिकाम्याच राहणार. ‘खासदार येतच नाहीत’ हा निष्कर्ष खुर्च्या पाहून काढू नये, माणसे मोजून काढावा. गणपूर्तीसाठी, म्हणजे बैठक चालण्यास लागणाऱ्या किमान उपस्थितीसाठी, एक दशांश म्हणजे ५५ सदस्य पुरतात.

अकराच्या ठोक्याला मार्शलची ललकारी होते, सारे उभे राहतात, अध्यक्ष नमस्कार करून आसनावर बसतात आणि क्षणात पहिला प्रश्न पुकारला जातो. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात, ज्यांना तोंडी उत्तर मिळते, आणि २३० अतारांकित, ज्यांची उत्तरे लेखी पटलावर ठेवली जातात. तारांकित प्रश्नाचे मूळ उत्तरही लेखीच तयार असते आणि मंत्री ते वाचून दाखवत नाहीत, पटलावर ठेवल्याचे सांगून खाली बसतात. यादी न वाचता गेलेल्या प्रेक्षकाला म्हणूनच काही कळेनासे होते: प्रश्न काय होता तेच ऐकू येत नाही, एकदम पूरक प्रश्न, म्हणजे त्या उत्तरावरचा उपप्रश्न, सुरू होतो. आम्ही आदल्या रात्री संसदेच्या संकेतस्थळावरून कामकाज पत्रिका आणि प्रश्नांची यादी उतरवून वाचली होती, त्यामुळे पीक विम्याच्या प्रश्नावर एका सदस्याने आकड्यांवर बोट ठेवले तेव्हा त्याचा रोख आम्हाला लगेच समजला.

त्या तासात पाहण्यासारखे जे आहे ते दूरचित्रवाणीवर दिसत नाही. कॅमेरा बोलणाऱ्यावर असतो. गॅलरीतून मात्र अधिकाऱ्यांच्या जागेकडे नजर ठेवता येते. पूरक प्रश्न अर्धा विचारून होत नाही तोच तेथे बसलेला एक अधिकारी फाइल उघडतो, कागदाच्या लहानशा तुकड्यावर दोन ओळी खरडतो आणि चिठ्ठी कर्मचाऱ्याच्या हाती देतो. कर्मचारी वाकून, कोणाच्याही नजरेच्या आड न येता ती मंत्र्यांपर्यंत पोहोचवतो. मंत्री उभे राहून दोन वाक्ये सर्वसाधारण बोलतात, तेवढ्यात चिठ्ठी हातात पडते, आणि तिसऱ्या वाक्यात जिल्हावार आकडा येतो. एकदा चिठ्ठी उशिरा आली, तेव्हा मंत्र्यांनी ‘सदस्यांना लेखी माहिती पाठवतो’ असे सांगून वेळ मारून नेली. मधल्या टेबलाशी बसून कामकाज टिपून घेणारे प्रतिवेदक काही काही मिनिटांनी आळीपाळीने बदलतात. त्यांच्या ये-जा करण्यात इतकी सफाई असते की दोन-तीन वेळा घडून गेल्यावरच ती ध्यानात येते.

वीसपैकी पाच-सहा प्रश्नांपर्यंतच साधारणपणे मजल जाते. आमच्या तासात एकदा विरोधी सदस्य फलक घेऊन अध्यक्षांसमोरच्या हौद्यात उतरले, परंतु कामकाज तहकूब झाले नाही. अध्यक्षांनी त्या गोंगाटातच पुढचा प्रश्न पुकारला. हे नशीबच. सकाळची बैठक पाच मिनिटांत १२ पर्यंत तहकूब होते असे दिवसही कमी नसतात, आणि तसे झाल्यास गॅलरीतल्यांना बाहेर जावे लागते, त्या पासचा दुसरा उपयोग राहत नाही. दोन तुकड्या करण्याचे कारण हेच. गॅलरीत टाळ्या वाजवू नयेत, कुजबुजू नये, कठड्यावर हात टाकून वाकू नये. सुरक्षा कर्मचारी साध्या वेशात शेजारीच बसलेले असतात आणि खांद्याला हलकेच स्पर्श करून समज देतात. आमच्यातील एका काकूंना पेंग आली, तेव्हा त्यांनाही ती मिळाली.

बारानंतर कागदपत्रे पटलावर ठेवली जातात आणि शून्य प्रहर, म्हणजे सदस्यांनी तातडीचे विषय मांडण्याचा वेळ, सुरू होतो. तो आम्हाला पाहता आला नाही. सकाळची तुकडी तीन मूर्ती भवनाच्या आवारातील प्रधानमंत्री संग्रहालयाकडे गेली, जे सोमवारी बंद असते. दुपारची तुकडी जेवणाच्या सुट्टीनंतर आत गेली.

दुपारच्या मंडळींना जे दिसले ते अधिक संथ, पण माझ्या मते अधिक महत्त्वाचे. आसनावर अध्यक्ष नव्हते, तालिकेवरील, म्हणजे अध्यक्षांच्या गैरहजेरीत आसन सांभाळणाऱ्यांच्या यादीतील, एक सदस्य होते. विधेयकावरच्या चर्चेत पक्षाला मिळालेल्या मिनिटांचे भान ठेवून सदस्य बोलत होते, घंटा वाजली तरी ‘शेवटचा मुद्दा’ म्हणत आणखी तीन मुद्दे मांडत होते. मग खंडांवर, म्हणजे विधेयकाच्या कलमांवर, मतदान आले. पीठासीन सदस्य खंडांचे आकडे एका दमात उच्चारतात, एका बाजूने होकार येतो, दुसऱ्या बाजूने नकार, आणि ‘मंजूर’ म्हणून पुढचा गट घेतला जातो. खंड १ आणि दीर्घ शीर्षक सर्वांत शेवटी मंजुरीला येतात, हे आधी माहीत नसल्याने आमची मंडळी पहिला खंड राहून गेला की काय म्हणून एकमेकांकडे पाहू लागली. कोणी मतविभागणी, म्हणजे मतांची प्रत्यक्ष मोजणी, मागितली असती तर घंटा वाजून दारे बंद झाली असती आणि फलकावर आकडे उमटले असते. ते त्या दिवशी घडले नाही. ज्या कायद्याने लाखो लोकांचे व्यवहार बदलणार, तो आवाजी मतदानाने काही मिनिटांत संमत होतो, हे पाहून आमच्यातील वकीलबाई बराच वेळ अस्वस्थ होत्या. विधेयकांची छाननी करणाऱ्या खासदारांच्या स्थायी समितीत त्यावर आधी किती काम झाले होते ते पाहूनच मत बनवावे, असे मी त्यांना म्हटले. त्यांना ते फारसे पटले नाही.

संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर आम्ही संसदेच्या संकेतस्थळावर त्याच दिवसाचे असंशोधित प्रतिवृत्त उघडले. आपण ज्या बाकावरून ऐकले तेच शब्द छापलेले वाचणे, हा या सहलीतला अर्ध्याहून अधिक आनंद आहे. सकाळचा गोंगाट तेथे कंसातल्या ‘व्यवधान’ या एका शब्दात मावला होता, आणि शून्य प्रहरात महाराष्ट्रातले कोण कशावर बोलले तेही वाचायला मिळाले. अतारांकित उत्तरे कोणीच वाचत नाही, ती वाचावीत. तेथे ‘पुणे विमानतळ’ किंवा ‘मुळा-मुठा’ असे शब्द घालून शोध घेतला की निधी किती मंजूर झाला, किती खर्च झाला याचे सरकारनेच दिलेले आकडे हाती येतात, आणि सोसायटीच्या सभेतले निम्मे वाद त्यावर मिटू शकतात.

एकच पास मिळणार असेल आणि तास निवडायची मुभा असेल, तर नवख्याने मंगळवार ते गुरुवारपैकी एखाद्या दिवशीचा प्रश्नोत्तराचा तास मागावा. ज्यांनी तो आधी पाहिला आहे त्यांनी शुक्रवारची दुपार मागावी. शुक्रवारी शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांच्या, विधेयकांचे आणि ठरावांचे असतात. अशी विधेयके आजवर १४ च संमत झाली आणि शेवटचे १९७० मध्ये, त्यामुळे निकालाची उत्सुकता नसते. बाके ओस पडलेली असतात, कारण बहुतेकांनी मतदारसंघाची वाट धरलेली असते. परंतु त्या वेळी पक्षादेशाचे ओझे हलके असते आणि सदस्य स्वतःला काय वाटते ते बोलतात. काकासाहेब गाडगीळ, नानासाहेब गोरे, एस. एम. जोशी यांना निवडून देणाऱ्या शहरातल्या प्रेक्षकाला तेथे बसणे आवडेल. परतीचे तिकीट मात्र शुक्रवार संध्याकाळचे काढू नये. त्या दिवशी विमानाचे भाडे चढलेले असते आणि साडेतीनचा पास हातात असताना विमानतळाकडे धावावे लागते. शनिवारी सकाळचे काढावे.