नावाआधी काय लावायचं?

मी सूत्रसंचालन करतो, सरकारी कार्यक्रम, उद्घाटनं, सत्कार, सगळं. पाहुण्यांची यादी हातात आली की आधी बायकांची नावं बघतो कारण घोळ तिथंच असतो. पुरुषांना कार्यसम्राट, युवा नेते, काय काय लावलेलं, आणि बायकांना सौ. नाहीतर वहिनीसाहेब. म्हणजे त्यांचं काम सांगायचं आणि हिचा नवरा आहे की नाही ते सांगायचं.

2022 च्या आधीची गोष्ट. एका गावात पाण्याच्या टाकीचं लोकार्पण होतं, पंचायत समितीच्या सभापती मॅडम प्रमुख पाहुण्या. नवरा गेल्यावर राजकारणात आलेल्या, दीर कायम सोबत. यादीत मॅडमच्या नावाआधी 'गं. भा.' (गंगा भागीरथी, विधवेच्या नावाआधी लावतात ते) आणि पद कुठंच नाही, दिराला मात्र 'मा. श्री.' आणि पुढं 'ज्येष्ठ नेते'. मी कार्यकर्त्याला म्हटलं हे मी माईकवर वाचणार नाही, तर तो म्हणे सर पद्धत आहे, पत्रिकेतपण तसंच छापलंय. आमचं चाललेलं मॅडमनी ऐकलं बहुतेक. यादी मागितली, माझ्याच खिशाचा पेन घेतला, गं. भा. वर आडवी रेघ मारली आणि वर 'सभापती' लिहिलं. "एवढंच वाचा."

वाचलं, एकदम खणखणीत. समोर सतरंजीवर बचत गटाच्या बायका होत्या, त्यांच्या टाळ्या थांबेनात.

कार्यक्रम संपल्यावर एक आजोबा अर्ज घेऊन आले, वस्तीवर पाणी चढत नाही म्हणून, आणि सवयीनं अर्ज दिराच्या हातात द्यायला लागले. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, इकडं द्या, सही माझी लागती." तिथंच उभ्या उभ्या वाचला आणि पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरला बोलावून घेतलं. दीर बाजूला झाले, काही बोलले नाहीत.

आपल्याकडं 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये बायकांना 50 टक्के आरक्षण आहे. खुर्ची कायद्यानं मिळाली पण लोक वहिनी म्हणत राहिले की काम घेऊन जातात ते भाऊंकडंच, हे मी स्टेजवरून इतक्यांदा बघितलंय. ताई म्हणायला माझी ना नाही, मृणालताई, प्रतिभाताई असं आपण मानानंच म्हणत आलो, आणि मृणाल गोऱ्यांना तर लोक पाणीवाली बाई म्हणायचे, ते नाव त्यांनी मोर्चे काढून कमावलेलं. गं. भा. मध्ये बाईनं काय केलं ते कुठंय? 2023 ला विधवाऐवजी गंगा भागीरथी म्हणायचा प्रस्ताव सरकारात निघाला तेव्हा राज्यभर बायकांनी विरोध केला, बरं झालं केला.

आता आयोजकांना फोनवरच सांगतो, आधी पद मग नाव, बाई असो की पुरुष. पटत नसेल तर दुसरा निवेदक बघा.