पायपुसण्याचं शेत

दारातलं पायपुसणं नाहीसं झालं तेव्हा आईने आधी कामाच्या मावशींना विचारलं, मग शेजारच्या कुत्र्यावर संशय घेतला. माझ्या खोलीत ती सगळ्यांत शेवटी आली. तेव्हा मी कटरने त्याच पायपुसण्याचे चौकोन कापून टेबलावर मांडत होते.

"हे काय चाललंय?"

"शेत आहे. बेल्जियममधलं."

काथ्याचं जाड पायपुसणं उलटसुलट नीट पाहिलंत तर पटेल. दाट, ताठ, पिवळट-तपकिरी, वाऱ्याने जरा इकडेतिकडे कललेलं. राय नावाचं धान्य (मोहरीची राई नव्हे, गव्हाच्या कुळातलं उंच पीक) अगदी असंच दिसतं. १८१५ च्या जूनमध्ये वॉटर्लूच्या आसपास ते शेतांमधून उभं होतं. १६ जूनला कात्र ब्राच्या लढाईत त्याच्या आडून फ्रेंच घोडदळ आलं, आणि इंग्रजांच्या ६९ व्या रेजिमेंटला आपला एक ध्वज गमवावा लागला. दोन दिवसांनी वॉटर्लूला तेच पीक पावसाने आणि हजारो बुटांनी चिखलात गेलं. जूनमध्ये राय पूर्ण पिकलेली नसते, म्हणून मी काथ्यावर पातळ हिरव्या रंगाचा एक हात फिरवते. आईला यातलं काही सांगितलं नाही. नवीन पायपुसणं आणून दिलं, तर तिने विचारलं, "हे किती दिवसांसाठी?"

मी नेपोलियनच्या काळातले सैनिक रंगवते. उंची २८ मिलिमीटर. प्लास्टिकच्या चौकटीतून हात, बंदुका, पाठपिशव्या सुट्या करायच्या, साच्याच्या रेघा खरवडायच्या, चिकटवायचं, अस्तराचा रंग द्यायचा आणि मग रोज रात्री जेवणं आटोपल्यावर दिव्याखाली बसायचं. चोवीस जणांची एक बटालियन व्हायला मला तीन आठवडे लागतात. दादा रविवारी टेबलावर माझ्याशी लढाई खेळायला येतो, फासे टाकतो आणि दहा मिनिटांत त्यातले आठ मेले म्हणून उचलून खोक्यात टाकतो. तेही संगिनीला धरून. संगिनीला धरायचं नाही हे त्याला मी किमान शंभरदा सांगितलं असेल.

ब्रशचं टोक बारीक राहावं म्हणून तो ओठांत धरून फिरवायची मला सवय आहे. चांगली नाही, ठाऊक आहे. आईचा आक्षेप मात्र तब्येतीबद्दल नाही. "उष्टा ब्रश परत रंगात बुडवतेस?" असं ती विचारते. याला माझ्याकडे आजवर उत्तर नाही.

रंगाचं शास्त्र थोडं उफराटं आहे. फ्रेंच पायदळाचा कोट गडद निळीचा. तोच गडद निळा या बोटभर माणसाला दिला की तीन फुटांवरून तो काळा दिसतो. मग निळा उजळवायचा. छातीवरचे पांढरे पट्टे आधी करडे रंगवायचे, मग कडा सोडून वर पांढरा. डोळे रंगवायच्या भानगडीत पडू नये. दोन ठिपके दिले की अख्खी बटालियन घरात पाल दिसल्यासारखी बघायला लागते.

या निळीवरून आठवलं. इंग्रजांच्या आरमाराने समुद्र अडवल्यावर फ्रान्सला नीळ मिळेना. तेव्हा निळीचा मोठा व्यापार बंगालमधून इंग्रजांच्याच हातात होता. म्हणून १८०६ मध्ये नेपोलियनने पायदळाला पांढरे कोट द्यायचं ठरवलं. काही रेजिमेंटना ते मिळालेही. पांढऱ्यावर चिखल आणि रक्त कसं दिसतं हे लक्षात यायला फार वेळ लागला नाही, आणि गाडी पुन्हा निळ्यावर आली. एक पांढरी बटालियन रंगवावी असं मला अधूनमधून वाटतं. पण पांढरा रंग म्हणजे शिक्षाच, त्यामुळे नेपोलियनचाच निर्णय मीही मागे घेते.

बारकाव्यांचं तर विचारू नका. १८०८ नंतर फ्रेंच बटालियनच्या चार साध्या कंपन्यांच्या टोपीवर वेगवेगळ्या रंगांचे गोंडे होते: पहिलीचा हिरवा, दुसरीचा आकाशी, तिसरीचा केशरी, चौथीचा जांभळा. मोहरीएवढा गोंडा. दादाला तो दिसत नाही, चष्म्याशिवाय मलाही नाही. एकदा आकाशी संपला म्हणून मी दुसऱ्या कंपनीला हिरवा दिला आणि रात्री अकरा वाजता उठून तो पुसला.

एवढा काटेकोरपणा करून जे टेबल मांडायचं ते मात्र धादांत खोटं असतं. चोवीस प्लास्टिकचे शिपाई म्हणजे सहाशे माणसं. माणूस ज्या मापाचा, त्याच मापाचं वॉटर्लूच्या रणांगणावरचं ला ए सँतचं शेतघर बांधलं तर ते अर्धं टेबल खाईल. म्हणून एक कोठार, एक दरवाजा आणि दोन भिंती उभ्या करून ते शेतघर आहे असं समजायचं. ज्या टेकाडामागे इंग्रज सेनापती वेलिंग्टनने फौज लपवली ते टेकाड टेबलावरच्या अंतरांच्या मापाने केलं तर शिपायाच्या गुडघ्याशीही पोचणार नाही. मग ते फुगवायचं. आणि खरी जमीन तरी खरी कुठे राहिलीय? १८२० ते १८२६ मध्ये तिथे स्मारक म्हणून सिंहाचा उंच ढिगारा रचला, २२६ पायऱ्यांचा, आणि त्यासाठी माती काढली ती त्याच टेकाडाची. आपलं रणांगण बिघडवलं, असं वेलिंग्टन म्हणाल्याचं सांगतात.

मला या खोट्याचा त्रास होत नाही, कारण माझी तालीम दिवाळीच्या किल्ल्यावर झालेली आहे. वाड्याच्या अंगणात विटा, पोतं, त्यावर चिखल. सिंहासनावरचे महाराज दरवाजापेक्षा उंच, वाघ हत्तीएवढा, विहिरीवरची बाई बुरुजाला टेकलेली. अळीव उगवले की तट दिसेनासा व्हायचा. पायथ्याशी कोणीतरी हमखास विमान उतरवायचं. माप हे महत्त्वावरून ठरायचं आणि कोणालाही त्यात काही चुकीचं वाटत नसे. मावळे मांडायचा मान दादाचा, माती कालवायचं काम माझं. हिशेब आता उलटा झालाय.

सुरुवातीला थर्माकोलनेही मला धडा दिला. टीव्हीच्या खोक्यातला भला मोठा तुकडा कोरून मी झकास टेकडी केली आणि गच्चीत नेऊन तिच्यावर स्प्रेचा रंग मारला. टेकडी डोळ्यांसमोर विरघळली. चर्र आवाज करत, खड्डे पडत. स्प्रेतलं द्रावण थर्माकोल खातं. आता आधी फेव्हिकॉल आणि वाळूचा जाड थर, मग ब्रशने रंग.

या वेडाचा मूळपुरुष मी विल्यम सिबोर्नला मानते. हा ब्रिटिश लेफ्टनंट १८३० मध्ये त्या ला ए सँतच्या शेतघरात आठ महिने राहिला आणि रणांगणाची मोजणी केली. मग लढाईतल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवली: संध्याकाळी सातच्या सुमाराला तुम्ही कुठे होतात, समोर कोण होतं, आणि शेतात पीक कुठलं होतं? पीक! हे वाचलं तेव्हा मी पायपुसण्याबद्दलची उरलीसुरली लाज सोडली. त्याचं मॉडेल १८३८ मध्ये लंडनमध्ये मांडलं गेलं, आज ते चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. त्यात वेलिंग्टनच्या मदतीला आलेलं प्रशियन सैन्य फार दिसतं, त्यामुळे विजयाचं श्रेय वाटलं जातं, हे वेलिंग्टनला रुचलं नाही. पुढे सिबोर्नने हजारो प्रशियन शिपाई त्यावरून काढून टाकले. दादा निदान फासे टाकून तरी उचलतो.

यंदा आम्ही वॉटर्लू बाजूला ठेवलं आणि असई घेतली. जालना जिल्ह्यातली असई, २३ सप्टेंबर १८०३. तोच वेलिंग्टन, तेव्हा नुसता आर्थर वेलस्ली, वय ३४. समोर शिंदे-भोसल्यांची फौज, शिंद्यांची कवायती पायदळं आणि शंभराच्या आसपास तोफा. मध्ये केळणा नदी. वाटाड्यांनी सांगितलं, पुढे नदी ओलांडायला उतार नाही. वेलस्लीने पाहिलं की नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत. समोरासमोरची गावं म्हणजे येणंजाणं असणार, म्हणजे उतार असणार. होता. तिथून तो पलीकडे गेला. लढाई जिंकली, पण त्याची दीड हजारांहून अधिक माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली.

आजवर फ्रेंच कोणी व्हायचं यावरून आम्ही भांडायचो. या वेळी दोघांनाही शिंदे व्हायचं होतं आणि वेलस्ली व्हायला कोणी तयार नव्हतं. चिठ्ठ्या टाकल्या. दादा कुरकुरत वेलस्ली झाला.

काल तो टेबल बघायला आला. नदी मी मन लावून केली होती, व्हार्निशचे तीन थर, खोल हिरवट पाणी, दोन्ही काठांना उंच दरडी. उतार कुठेही रंगवला नव्हता. त्याने वाकून बराच वेळ पाहिलं. मग अल्याडच्या झोपडीवर एक बोट ठेवलं, पल्याडच्या झोपडीवर दुसरं.

"ही दोन अगदी समोरासमोर कशाला ठेवलीस गं?"

मी ज्वारीच्या शेतासाठी काथ्या कापत राहिले.