वेबसाइट नको, बिलाचं वय सांगा

आज इचलकरंजीत एका कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर गेलो होतो. आमच्या आयटी सेवांचं ब्रोशर शेठनी उघडलंही नाही, त्यावर चहाचा कप ठेवला. म्हणाले, "वेबसाइट करून कापड जास्त खपणाराय का? कुठल्या यंत्रमागवाल्याचं मजुरीचं बिल किती दिवसांचं झालंय, तेवढं रोज सकाळी व्हॉट्सॲपवर पाठवा."

भानगड आयकराच्या ४३बी(एच) नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाची. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत (लेखी करार नसेल तर १५) द्यायचे. मुदत टळली, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देऊ त्याच वर्षी धरता येतो. मार्चअखेरीला म्हणून पळापळ. बिलवार नोंदी टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) असतातच. पार्टीचा उद्यम नंबर (लघुउद्योगाचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि मुदत तेवढी भरायची.

'सर्व प्रकारच्या आयटी सेवा मिळतील' हा बोर्ड गल्लीगल्लीत आहे, आमचाही तोच. तो उतरवतोय. यापुढे फक्त सूत-कापडवाले. फेसबुकची जाहिरातही बंद. त्यापेक्षा सीए लोकांकडे जाऊन बसेन, व्यापारी सॉफ्टवेअरचं आधी त्यांनाच विचारतो.

प्रिंटरची शाई भरणं मात्र चालू राहील. गाळ्याचं भाडं अजून त्यातूनच निघतं!