चिंगीला घेऊन पुण्याहून फ्रँकफर्टला

नवऱ्याला जर्मनीत नोकरी लागली आणि घरात पहिला प्रश्न निघाला तो चिंगीचा. सहा वर्षांची, सतरा किलोची आमची गावठी कुत्री. तिला मागे ठेवून जायचं नाही, यावर दोघांचंही एकमत होतं. जानेवारीत तिला घेऊन आम्ही फ्रँकफर्टला उतरलो. तयारीला सहा महिने लागले, त्यातला महिनाभर एका चुकीपायी गेला.

चूक अशी झाली. चिंगीला दरवर्षी रेबीजची लस दिलेली, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवली आणि लस लागू पडली का हे बघायला लगेच रक्त तपासायला निघालो. पण युरोपीय संघ चिपच्या आधीची लस धरतच नाही. परत लस, मग 30 दिवस थांबा, मग रक्त. तेव्हा क्रम पाठ करा: आधी 15 अंकी चिप, मग लस, मग रक्त. रक्ताची तपासणी युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच व्हावी लागते आणि प्रतिपिंडांचं, म्हणजे लसीमुळे रक्तात तयार होणाऱ्या संरक्षक घटकांचं, प्रमाण प्रति मिलिलिटर किमान 0.5 आययू (आंतरराष्ट्रीय एकक) लागतं. भारतातून जाणाऱ्यांना त्यानंतर तीन महिने थांबावं लागतं. ते रक्त काढल्या दिवसापासून मोजतात, रिपोर्ट आल्यापासून नाही.

आरोग्य प्रमाणपत्र मिळाल्यापासून 10 दिवसांत तिथे पोहोचायचं असतं. ते आम्ही परदेशी ने-आण होणारे प्राणी तपासणाऱ्या, मुंबईच्या सरकारी अ‍ॅनिमल क्वारंटाइन कार्यालयातून घेतलं. चिपचा नंबर प्रत्येक कागदावर एकेक अंक बोट ठेवून जुळवा. आणि विमान कंपनीने कुत्र्याची जागा पक्की केल्याशिवाय स्वतःचं तिकीट काढू नका.

माझ्या मते खरी मेहनत घ्यावी ती पिंजऱ्यावर. कुत्र्याला आत ताठ उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, कान छताला लागता कामा नयेत. आम्ही तो दोन महिने आधी हॉलमध्ये आणून ठेवला. पहिले आठ दिवस चिंगी आत तोंडही घालेना. मग जेवणाची ताटली रोज वीतभर आत सरकवत गेलो आणि खाली आईच्या जुन्या साडीची गोधडी अंथरली. पुढे ती दुपारची झोपही तिथेच काढायला लागली.

झोपेचं औषध द्या, असं चारजण सांगतील. देऊ नका. विमानात त्याने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो. पाण्याची वाटी रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. बर्फ सांडत नाही आणि हळूहळू वितळून पाणी मिळत राहतं.

मुंबई विमानतळावर रिकामा पिंजरा तपासायचा म्हणून तिला बाहेर काढायला लावलं. गोंगाट, ट्रॉल्या, अनोळखी माणसं. ती थरथर कापत होती, साखळी मी हाताला दोन वेढे देऊन धरली होती. पिंजरा परत आला तशी ती आपणहून आत शिरली, गोधडीवर दोनदा गोल फिरली आणि बसली. मला तिथेच रडू फुटलं.

फ्रँकफर्टला पशुवैद्यकीय तपासणीत चिप वाचली, कागद पाहिले आणि आम्हाला सोडलं. बाहेर जायची टॅक्सी मात्र आधीच मोठी सांगून ठेवा. आमचा पिंजरा पहिल्या गाडीत मावला नाही आणि चिंगीला त्या थंडीत अर्धा तास माझ्या शालीत गुंडाळून बसवावं लागलं.