पप्पांचा पाय

रविवार, रात्र

आज चर्चच्या उपासनेत मतांगीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेची कबुली, म्हणताना ‘देहाचे पुनरुत्थान’ इथे जीभ अडखळली. विश्वास डळमळला वगैरे काही नाही. मनात एवढंच आलं, की देह म्हणजे कुठला देह?

पप्पा गेले तेव्हा त्यांना एकच पाय होता. दुसरा मधुमेहापायी गुडघ्याखालून काढावा लागला होता. त्यानंतरही रात्री झोपेत त्यांचा हात चादरीवरून खाली जायचा, चाचपडायचा आणि तसाच परत यायचा. नसलेल्या अंगठ्याला खाज सुटायची. डॉक्टर म्हणाले, होतं असं, मेंदूला अजून पाय आहे असंच वाटतं. तेव्हा पप्पा हसले होते. नंतर मला हळूच म्हणाले, “मग उठेन तेव्हा मेंदू बरोबर ठरेल की नाही?”

ओळखीचे बहुतेक विश्वासी लोक याला सरळ उत्तर देतील : आत्मा देवाकडे गेला, देह काय, मातीच. अंत्यविधीच्या वेळी हे ऐकून बरंही वाटतं. पण हे येशूचा प्रेषित पौल याचं म्हणणं नव्हे, ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचं आहे. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, १७ वा अध्याय. अथेन्समधली मंडळी पौलाचं ऐकून घेत होती. ‘मेलेल्यांचे पुनरुत्थान’ म्हटल्याबरोबर काहींनी थट्टा सुरू केली. आत्मा अमर आहे एवढंच तो म्हणाला असता, तर त्यांच्यातल्या निम्म्यांनी माना डोलावल्या असत्या. अडचण देहाची होती.

संध्याकाळी पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय पुन्हा वाचला. इ. स. ५० नंतरच्या पाचसहा वर्षांतलं हे पत्र, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांच्या आधीचं. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचे वकील याच अध्यायातून पुरावे काढतात. पुनरुत्थान आत्मिक आहे म्हणणारे ५० व्या वचनावर बोट ठेवतात : मांस व रक्त यांना देवाच्या राज्याचे वतन मिळू शकत नाही. झालं, निकाल लागला असं त्यांना वाटतं. पण तीनच वचनं पुढे पौल म्हणतो, की जे नाशवंत आहे त्याने अविनाशीपण परिधान केले पाहिजे. परिधान करायला कुणीतरी शिल्लक लागतं ना? जुनं फेकून नवं आणायचं असतं, तर पौलाने बी पेरण्याचा दाखला दिलाच नसता. पेरलेलंच उगवतं, ओळखू न येण्याइतकं बदलून.

शुभवर्तमानांतही हीच ओढाताण आहे, आणि ती कुणी लपवलेली नाही. लूकच्या २४ व्या अध्यायात येशू शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो, हाडामांसाचा आहे हे पटावं म्हणून. त्याच अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर दोघांबरोबर तो चालतो, बोलतो, तरी ओळखू येत नाही. भाकर मोडताना ओळख पटते आणि तेवढ्यात दिसेनासा होतो. योहानात दारं बंद असताना तो आत येतो, आणि आल्यावर जखमा दाखवतो. (शंका घेणाऱ्या शिष्याने, थोमाने, जखमेत बोट घातलं ते चित्रकारांनी. योहानाने तसं कुठेही लिहिलेलं नाही.) मार्कची सर्वांत जुनी हस्तलिखितं तर रिकामी कबर आणि घाबरून पळालेल्या स्त्रिया इथेच थांबतात. सगळं रचलेलंच असतं, तर रचणाऱ्यांनी एवढी विसंगती ठेवली असती का? मला नाही वाटत. पण हा माझा कल झाला, पुरावा नव्हे.

देहाचा हट्ट कुठून आला, याचं एक उत्तर मला बरीच वर्षं पटत होतं. इ. स. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लिओं इथे ख्रिस्ती लोकांना हाल करून मारलं. प्रेतं सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख रोन नदीत लोटली, यांनी पुन्हा उठायची आशासुद्धा धरू नये म्हणून. तिथल्या ख्रिस्ती मंडळीचं पत्र चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस याने जपलं, त्यात हे आहे. ज्या देहाला छळलं त्याच देहाला न्याय मिळाला पाहिजे, हे अशा लोकांच्या तोंडून निघणं साहजिक आहे. आत्म्याचं भलं होईल म्हणून त्यांची समजूत कशी पटावी?

पण मग तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ओरिजेन आडवा येतो. त्याच्या वडिलांना विश्वासापायी मारलं, म्हातारपणी त्याचेही हाल केले. तरी तो म्हणतो, देह नदीसारखा आहे, त्यातलं द्रव्य सतत वाहून जातं. टिकतो तो त्याचा आकार, आणि उठणाराही तोच, अधिक सूक्ष्म होऊन. ज्याने स्वतः सोसलं त्याला हाडामांसाची गरज वाटली नाही. म्हणजे माझं उत्तर निम्म्यापर्यंतच पोचतं.

त्याच्यानंतरचा बिशप ऑगस्टीन दुसऱ्या टोकाचा. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या २२ व्या खंडात तो हिशेब मांडून बसतो. कापलेल्या केसांचं आणि नखांचं काय? माणसाने माणूस खाल्ला तर ते मांस कुणाचं? (पहिल्या मालकाचं.) तान्हं बाळ गेलं तर कोणत्या वयाचं उठेल? वाचताना मी हसले. मग लक्षात आलं, की पप्पांनी विचारलं तेही यांतलंच एक. ऑगस्टीनचं उत्तर असं, की तुटलेला अवयव परत मिळेल, पण हुतात्म्यांच्या देहावर घावांच्या खुणा राहतील, आणि त्या व्यंग म्हणून नव्हे, शोभा म्हणून. मधुमेह हे काही हौतात्म्य नव्हे, मान्य. तरी पाय मिळावा आणि गुडघ्याखाली टाक्यांची रेघ राहावी, असं मला वाटतं. ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा राहिल्या, तर ही एक रेघ राहायला काय हरकत आहे?

विसाव्या शतकात जर्मन धर्मपंडित बुल्टमान म्हणाले, ख्रिस्त उठला तो घोषणेत, मंडळीच्या प्रचारात. विद्वत्तेबद्दल आदर आहे. पण त्या घोषणेत पप्पा कुठे बसतात ते मला दिसत नाही. जिवंतांची सोय होते, मेलेले मेलेलेच राहतात.

रोमन कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली. राख झाली म्हणून देवाचे हात बांधले जात नाहीत, असा त्यामागचा विचार, आणि तो मला शंभर टक्के पटतो. पण त्याच चर्चच्या १२१५ च्या लॅटरन परिषदेने सांगितलं होतं, की आत्ता वागवता तेच देह घेऊन सगळे उठतील. दोन्ही एकदम मानायचं, तर ‘तेच’ हे अणुरेणूंच्या मोजदादीवर ठरत नाही असं म्हणावं लागतं. कशावर ठरतं, हे परिषदेने सांगितलेलं नाही.

ऑगस्टीनची एक गोष्ट मात्र मला अडचणीची आहे. सगळे जण तिशीच्या आसपासच्या वयाचे उठतील, असं तो म्हणतो. मी जन्मले तेव्हा पप्पा चाळिशीला आले होते. तिशीतले पप्पा मी पाहिलेलेच नाहीत. मग्दालीया मरीयेला येशू माळी वाटला होता, नावाने हाक मारली तेव्हा कुठे कळलं. म्हणजे आधी हाक त्यांनीच मारायला हवी.

गुरुवारी बायबल अभ्यास घ्यायची पाळी माझी. १५ वा अध्याय पहिल्या वचनापासून वाचायचा, थेट ५० व्यावर उडी नाही. आणि त्याआधी लूकमधला मासा. ‘देह म्हणजे नुसता सदरा’ म्हणणारे आमचे वडीलधारे त्या दिवशी येणार आहेत, त्यांना तो मासा आधी वाढायचा आहे.