बझर खोटं बोलत नव्हता

"बझरची वायर काढून देऊ का?" मेस्त्रीने हे विचारलं तेव्हा माझी एअर ब्रेकची, म्हणजे हवेच्या दाबावर ब्रेक चालणारी, गाडी वर्कशॉपमध्ये येऊन तिसरा दिवस उजाडला होता. आजही आठवलं की डोकं तापतं.

तक्रार साधी होती. गाडी पळत असताना हवेच्या दाबाचे दोन्ही काटे, एक पुढच्या ब्रेकच्या सर्किटचा, एक मागच्या, आठ बारला (बार हे दाबाचं माप). पण रांगेत पेडल दाबून उभं राहिलं की मागच्या सर्किटचा काटा खाली सरकायचा, पाचच्या जवळ आला की लाल दिवा आणि हवा कमी झाल्याचा बझर. रेस दिली की पुन्हा वर.

पहिल्या दिवशी निदान झालं, "सेन्सर गेलाय." बदलला. दुसऱ्या दिवशी नवाही "डुप्लिकेट निघाला", मग गेजवर संशय. तपासणी दर वेळी तीच. इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला, मेस्त्री खाली उभा राहून काट्याकडे बघतोय. "हलतोय का साहेब?" कसा हलेल? पेडल दाबल्याशिवाय सर्व्हिस ब्रेकच्या, म्हणजे पायाच्या ब्रेकच्या, चेंबरमध्ये (चाकाजवळच्या डब्यात) हवा जातच नाही. हे मी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा चहा आला.

शेवटी मीच केबिनमध्ये चढलो. सपाट जागा, चाकांना पुढून-मागून ठोकळे, हवा पूर्ण भरलेली, इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला. मिनिटभर काटा जागचा हलला नाही. मग पेडल दाबून धरलं. दाबताक्षणी काटा थोडा पडतोच, तो हिशेबात घ्यायचा नाही, मोजायचं त्यानंतर. मिनिटात अर्धा बार गेला. अमेरिकेतल्या लायसन्सच्या चाचणीत ट्रेलर नसलेल्या एकट्या ट्रकला अशा वेळी मिनिटाला ३ पीएसआयपर्यंत (तिकडचं दाबाचं माप), म्हणजे जेमतेम ०.२ बार, चालतं. मागे वाकलेला हेल्पर ओरडला, "इथं फुसफुसतंय!" डाव्या चेंबरच्या भोकावर साबणाचं पाणी टाकलं तर फेसाचा गोळाच फुगला. डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटलेला. तासाभरात काम संपलं.

आता वायर काढली असती तर काय, तेही सांगतो. मागच्या चाकांवर हँडब्रेकची जी दणकट स्प्रिंग असते, ती हवेने दाबून धरलेली असते. हवा फारच उतरली की स्प्रिंग सुटते आणि मागची चाकं जिथे असतील तिथे जाम. बझर त्याच्या आधी वाजतो, गाडी कडेला घ्यायला. तेवढ्यात पेडल सारखं मारत बसायचं नाही, दर दाबाला हवा खर्च होते. उतारावरही तेच: आधीच खालचा गिअर, इंजिन ब्रेक, नुसत्या पेडलवर भरवसा नको.

हो, एक राहिलं. स्प्रिंगच्या बाजूचा क्लॅम्प कुणी हौसेने खोलू नका, आतली स्प्रिंग बोल्टने बांधल्याशिवाय तर नाहीच; ती उडाली तर जीव जातो. आणि हवेच्या टाक्यांमधलं पाणी सोडत जा. माझ्या टाकीतून तेलकट गढूळ पाणी निघालं, ते वेगळंच.

बिलात दोन सेन्सर, एक गेज, तीन दिवसांची मजुरी. सगळ्यात स्वस्त ओळ डायफ्रामची होती.